पुस्तक सोपे होते, मग क्वेरी रिकामी का आली? एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेसच्या पुस्तकांवर वाचक जे अभिप्राय देतात, त्यांच्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण शहाद्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, ‘भाषा अतिशय सोपी, परीक्षेला उपयुक्त’ असे शेकडो विद्यार्थी ज्या पुस्तकांविषयी लिहितात त्यांना मी नावे ठेवतो आणि खानदेशातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना परदेशी लेखकांचे जाडजूड ग्रंथ झेपत नाहीत हे लक्षात घेत नाही. आपण स्वतः त्याच सोप्या पुस्तकांवर पदवी मिळवून पुण्यात नोकरीला लागलात, हा आपला मुख्य दाखला आहे. शेवटी आपण विचारले आहे, ‘मग घ्यायचे तरी कोणते पुस्तक?’

भाषेचा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. घरी अहिराणी किंवा पावरी, शाळेत पुस्तकी मराठी आणि बीसीए या संगणकाच्या पदवीच्या पहिल्याच सेमिस्टरला सगळे इंग्रजीत, अशा वाटेने आलेल्या मुलाला लहान वाक्ये आणि ओळखीचे शब्द हवेत, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वाक्य सोपे लिहिणे हे लेखकाचे कौशल्य असते, पण अवघड भाग गाळून पुस्तक सोपे करणे ही पळवाट असते, आणि पहिल्यांदाच विषय शिकणाऱ्या वाचकाला या दोहोंतला फरक कळण्याचा काही मार्गच नसतो. जे पानावर नाही ते राहून गेले आहे, हे त्याला कोण सांगणार?

एक उदाहरण जवळून पाहू. ओरॅकल या डेटाबेस सॉफ्टवेअरबरोबर वर्षानुवर्षे येणारे ईएमपी नावाचे टेबल आपण कॉलेजच्या लॅबमध्ये वापरले असेलच. त्यात १४ कर्मचारी आहेत आणि प्रत्येकाच्या ओळीत त्याच्या वरिष्ठाचा क्रमांक एमजीआर या कॉलममध्ये दिलेला आहे. ज्यांच्या हाताखाली कोणीही काम करत नाही असे कर्मचारी शोधा, असा प्रश्न दिला की बहुतेक विद्यार्थी क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आत दुसरी छोटी क्वेरी, म्हणजे सबक्वेरी, लिहून तिने एमजीआर कॉलममधले सगळे क्रमांक काढतात आणि ज्यांचा स्वतःचा क्रमांक त्या यादीत ‘नॉट इन’, म्हणजे नसलेला, ठरतो, त्यांची नावे मागतात. वाचायला ही क्वेरी निर्दोष आहे, चालतेही कोणती चूक न दाखवता, आणि उत्तर येते ‘नो रोज सिलेक्टेड’, म्हणजे एकही ओळ नाही. प्रत्यक्षात असे ८ कर्मचारी त्या टेबलात आहेत.

असे होण्याचे कारण किंग नावाच्या एका ओळीत आहे. तो कंपनीचा अध्यक्ष, त्याला वरिष्ठ नाही, म्हणून त्याचा एमजीआर नल आहे, म्हणजे तिथे किंमत नोंदलेलीच नाही. ‘नॉट इन’ला यादीतल्या प्रत्येक किमतीशी तुलना करून ‘ही नाही, हीदेखील नाही’ असे शेवटपर्यंत ठामपणे म्हणता आले पाहिजे. पण नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर खरे नसते आणि खोटेही नसते, ते ‘अज्ञात’ असते, आणि त्या एका अज्ञातामुळे संपूर्ण अट कोणत्याच ओळीसाठी खरी ठरत नाही. सबक्वेरीत नल वगळले किंवा ‘नॉट एक्झिस्ट्स’ (अशी ओळच नाही ना, हे तपासणारी अट) वापरले की आठही नावे येतात. परीक्षेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या पुस्तकांविषयी मी लिहिले होते, त्यांत ‘नल म्हणजे रिकामी किंमत’ एवढी एक ओळ असते आणि ‘नॉट इन’चे उदाहरण दोन-तीन ठरावीक आकड्यांच्या यादीवर दिलेले असते. तिथे काहीही बिघडत नाही. नोकरीत एखाद्या अहवालातून माणसे गळतात तेव्हा बिघडते, आणि तोपर्यंत अभिप्राय लिहून, पाच तारे देऊन होऊन गेलेले असतात. केळीची लागवड झाल्याबरोबर रोपांकडे पाहून रास किती किलोची पडेल ते सांगावे, तशातला तो प्रकार आहे.

शेकडो लोक चुकीचे कसे असतील, हा आपला प्रश्न. ते चुकीचे नाहीतच. पेपर सुटला, ओरलला उत्तरे देता आली, केटी लागली नाही (विषय मागे राहिला नाही), ही त्यांची साक्ष मी जशीच्या तशी मानतो. फक्त ती परीक्षेविषयीची साक्ष आहे, डेटाबेसविषयीची नाही. (‘पाने सुटली’, ‘पार्सल भिजलेले आले’ म्हणून एक तारा देणाऱ्यांना मी मोजतच नाही. तो कुरिअरवाल्यावरचा अभिप्राय आहे.)

सी भाषेच्या पुस्तकांवरच्या अभिप्रायांत तर याहून गमतीचा घोळ दिसतो. एकाच पुस्तकाबद्दल एक जण लिहितो की सगळे प्रोग्रॅम चालतात, दुसरा लिहितो की एकही चालत नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. पहिल्याच्या लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत बदलणारे साधन) आहे. दुसऱ्याने घरच्या लॅपटॉपवर जीसीसी हा आजचा कंपायलर घेतला आहे आणि तिथे पुस्तकातल्या प्रोग्रॅमना लागणारी कोनिओ नावाची हेडर फाइलच मिळत नाही. टर्बो सी हे बोर्लंड कंपनीने १९८७ मध्ये डॉस या जुन्या संगणक प्रणालीसाठी आणलेले साधन. त्याचा इंट (पूर्णांक साठवण्याचा प्रकार) १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतचाच असल्यामुळे २०० गुणिले २०० केले की उत्तर उणे २५५३६ छापले जाते. आजच्या जीसीसीवर तोच प्रोग्रॅम ४०००० दाखवतो. इंटची मर्यादा ३२७६७ असते, हा भाषेचा नियम समजून विद्यार्थी पाठ करतात. सी भाषेचे १९८९ चे प्रमाणक मात्र किमान एवढा आवाका असावा इतकेच सांगते आणि पुढचे कंपायलरवर सोडते. कोणता कंपायलर, पुस्तकाची कितवी आवृत्ती, प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहिले की नुसते वाचले, हे ज्या अभिप्रायात नाही, त्यावरून पुस्तक निवडता येत नाही, एवढेच माझ्या लेखात म्हटले होते.

जाड परदेशी ग्रंथांबद्दल दोन शब्द. कर्निघन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक (१९७८, दुसरी आवृत्ती १९८८) तीनशे पानांचेही नाही. ते जड जाते याचे कारण दुसरे आहे. चल (व्हेरिएबल), लूप, फंक्शन यांची थोडी ओळख वाचकाला आधीच आहे असे ते धरून चालते, आणि प्रस्तावनेत तसे स्पष्ट लिहिलेलेही आहे. तेव्हा नवशिक्याने ‘मला समजले नाही’ म्हणणे प्रामाणिक आहे, पण त्यावरून पुस्तकाला एक तारा देणे हा अन्याय आहे. आणि डेटाबेसवरचा जो ग्रंथ आपण ‘परदेशी’ म्हणून बाजूला सारता, त्या सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन या त्रयीतले सुदर्शन मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक आहेत.

आपल्या नोकरीचा दाखला मी नाकारत नाही, मात्र त्यातले किती श्रेय पुस्तकाचे आणि किती आपण नंतर कामावर बसून केलेल्या मेहनतीचे, हे आपल्यालाच ठाऊक असणार.

आता कोणते घ्यावे. परीक्षेसाठी कॉलेजात चालते तेच घ्यावे, त्यात कमीपणा नाही. विषयासाठी मात्र पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची अधिकृत माहिती वापरावी. ती मोफत आहे, तिच्यात सुरुवातीलाच नवशिक्यांसाठी धडे आहेत आणि प्रत्येक पान कोणत्या आवृत्तीचे ते वर लिहिलेले असते. इंटरनेट धड नसेल तर एसक्यूलाइट हे छोटे डेटाबेस सॉफ्टवेअर एकदाच उतरवून घ्यावे, त्याचा सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो, आणि वरचे ईएमपी टेबल त्यात स्वतः भरून ती ‘नॉट इन’ची क्वेरी चालवावी. छापील पुस्तकच हवे असेल तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या दुकानात ते हातात घेऊन मागची सूची उघडावी, नल हा शब्द शोधावा आणि त्यापुढे एकच पान दिले आहे की पाच-सहा, ते पाहावे. सूचीच नसेल, तर ते परीक्षेपुरते समजावे आणि सीनियरकडून जुने मिळत असेल तर नवे विकत घेऊ नये.