रकमेपुढची तिरपी रेघ

मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या छापायच्या होत्या. नमुन्यावर होतं 'रु. ५०१/-'. प्रेसवाला म्हणाला, "आता ₹ टाका आणि पुढची ती तिरपी रेघ काढा. उगाच जागा खाते."

बँकवाले काका लगेच अडले. "उगाच? ५०१ पुढे जागा मोकळी राहिली तर कुणीही एक शून्य चिकटवेल. रेघ आहे म्हणून आकडा तिथं संपतो."

"तो तिचा आजचा उपयोग झाला, काका," मास्तर म्हणाले. "मुळात ती आण्यांची रिकामी जागा आहे. १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. पाच रुपये आठ आणे सहा पै म्हणजे ५/८/६. आणे-पै काहीच नसतील तर तिथं आडवी रेघ, ५/-. ही इंग्रजांच्या शिलिंग-पेन्सची पद्धत; पाच शिलिंग पूर्ण असले की तेही ५/- लिहायचे. केनिया-टांझानियात शिलिंगची रक्कम आजही १००/- किंवा १००/= अशी लिहिलेली दिसते."

"आपल्या जुन्या वह्यांत तर उभ्या रेघा असत," प्रेसवाला म्हणाला.

"हो, ती आपली स्वतःची रीत. पावाला एक रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. ५॥ म्हणजे साडेपाच रुपये, म्हणजेच ५/८/-. युनिकोडनं, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीनं, २००९ साली या खुणांना वेगळ्या जागा दिल्या, पण टाइप करणारे अजून श्लोकाच्या शेवटचे दंडच वापरतात." ही रीत शाळेत एक तास तरी शिकवायला हवी, घरातली जुनी हिशेबवही त्याशिवाय वाचता येत नाही.

"मग १ एप्रिल १९५७ ला शंभर नवे पैसे आले, दशांश चिन्ह आलं," प्रेसवाल्यानं मुद्दा पकडला. "आणे गेले, म्हणजे रेघही जायला हवी. लोक तर ५०.५०/- छापून मागतात!"

"ते मात्र चूकच," काकांनी मान्य केलं. "पैसे लिहिलेत, तर पुढची रिकामी जागा कशाची? ₹५०.५० एवढं पुरे. पण हातानं भरायच्या रकमेला मी रेघ सोडणार नाही. चेकच्या चौकटीत ₹ आधीच छापलेला असतो. पहिला आकडा त्याला चिकटून लिहायचा, नाहीतर आधी १ बसतो. शेवटी /-, नाहीतर पुढे ० बसतो."

₹ वर फारसा वाद झाला नाही. १५ जुलै २०१० ला सरकारनं मंजूर केलेलं हे चिन्ह आयआयटी मुंबईत शिकणाऱ्या उदय कुमार यांचं. हातानं काढताना वर दोन समांतर आडव्या रेघा, वरच्या रेघेतून उजवीकडे उतरून डावीकडे वळणारी गोलाई आणि तिथून खाली उजवीकडे तिरका पाय. डावीकडे उभा दांडा काढायचा नाही. तो काढला की इंग्रजी आर होतो.

"छपाईत गडबड फॉन्टची," प्रेसवाला म्हणाला. "२०१० नंतर घाईत निघालेल्या काही फॉन्टांत ₹ दुसऱ्याच अक्षराच्या जागी बसवला होता. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रकमेआधी नुसता तिरका टिंब दिसतो. जुन्या मराठी डीटीपी फॉन्टांत ₹ नसेल तर चौकोन येतो. तेवढ्या एका चिन्हाला युनिकोड फॉन्ट द्यायचा आणि पीडीएफ करताना फॉन्ट आत घालायचा. विंडोजवर इंग्लिश-इंडिया कीबोर्ड निवडून उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतो."

शेवटी ठरलं ते असं: छापील रकमेला नुसता ₹, आणि हातानं भरायच्या जागेत पावती लिहिणाऱ्यानं /- ओढायचं.

काका मात्र नमुना उलटसुलट बघत होते. "अरे, यात 'अक्षरी रुपये' ही ओळच नाही! चेक-हुंड्यांच्या १८८१ च्या कायद्याप्रमाणे चेकवर आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरी रक्कम धरतात. पावतीवरही तीच ओळ आधी टाक, 'पाचशे एक फक्त'. रेघेचं मग बघू."