सहा बाटल्या, आणि एका वेळी उघड्या तीनच

घरात व्हिस्कीचा संग्रह करायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात, कोणती घेऊ? त्याआधी किती घ्यायच्या ते ठरवा, कारण ते साध्या गुणाकाराने ठरतं. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग असतात. सहा बाटल्या म्हणजे १५० पेग. आठवड्याला दोन पेग घेणाऱ्याला ते संपायला ७५ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. सहाच्या सहा एकदम उघडल्या, तर त्यातल्या बऱ्याचशा अर्ध्या रिकाम्या होऊन कित्येक महिने हवा खात उभ्या राहतात. म्हणून माझा आग्रह असा: सुरुवातीला सहा बाटल्या पुरेत, आणि उघड्या तीनच.

बाकीच्या तीन निवांत थांबू शकतात. व्हिस्की काचेत मुरत नाही. पिंपातून बाहेर पडली त्या दिवशीच तिचं वय थांबलं. ‘ठेवू या, अजून चांगली होईल’ या आशेने बाटली ठेवण्यात अर्थ नाही, पण सील शाबूत असेल तर घाईने उघडायचंही कारण नाही.

नुसती, सावकाश घोट घोट घ्यायची सवय लावायची असेल तर बर्बनपासून सुरुवात करावी असं मी म्हणतो. कारण कायद्यातच आहे. बर्बन अमेरिकेतच बनलेलं असावं लागतं, धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो, आणि मुरवायला ओकचं पिंप नवं कोरं, आतून जाळलेलं लागतं. बाहेरून रंग किंवा चव घालायची परवानगी नाही. त्यामुळे मक्याचा गोडवा आणि जळक्या ओकमधून उतरणारा व्हॅनिला-कॅरमेलचा वास बाटलीत जे काही आहे त्यातूनच आलेला असतो. स्कॉचमधल्या काही व्हिस्क्यांत पीटचा (म्हणजे जळणासाठी वापरतात त्या दलदलीतल्या मातीचा) धूर असतो, तो इथे नसतो, आणि नवख्या जिभेला तोच धूर सगळ्यात जास्त अडतो.

आता खरा मुद्दा. ‘सहज उतरणारी’ म्हणजे कमी अल्कोहोलची, अशी समजूत पक्की बसली आहे. लोक ४० टक्क्यांची सगळ्यात तरुण बाटली आणतात, घशाशी जळजळ होते, आणि बर्बन आपल्याला मानवत नाही असं ठरवून मोकळे होतात. जळजळीला टक्केवारी हे एकच कारण नाही. धान्य आणि वय ही दोन कारणं तितकीच मोठी आहेत.

आधी धान्य. मक्याखेरीज उरलेल्या भागात बहुतेक ठिकाणी राय (गव्हाच्या जातीचं एक धान्य, आपली मोहरी नव्हे) आणि माल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली, बार्ली असते. राय म्हणजे मिरी, लवंग, दालचिनी असा तिखट-मसालेदार अंग. हे राय काढून त्या जागी गहू घातला की तिखटपणा मागे सरतो आणि मका व ओक पुढे येतात. मेकर्स मार्कचं मिश्रण ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के बार्ली असं आहे, राय अजिबात नाही. लार्सनी आणि वेलर याच जातीची. दुसऱ्या टोकाला फोर रोझेसच्या दोन मिश्रणांपैकी एकात ३५ टक्के राय असतं. बेसिल हेडन तर ४० टक्क्यांचंच, पण त्यात राय भरपूर. बाटलीवरचा आकडा सौम्य आणि जिभेवर मिरी, असं का होतं याचं उत्तर तिथे आहे.

मग वय. लेबलवर ‘स्ट्रेट’ असेल तर किमान दोन वर्षं मुरलेलं असतं, आणि चार वर्षांच्या आतलं असेल तर वय छापावंच लागतं. स्ट्रेट आहे आणि वय छापलेलं नाही, म्हणजे किमान चार वर्षं. माझ्या मते सहा ते दहा वर्षांचा पट्टा सगळ्यात सुखाचा. त्याखाली कच्च्या धान्याचा वास डोकावतो. बारा-पंधराच्या पुढे नवं ओक आपला तुरटपणा सोडायला लागतं, कारण अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या उन्हाळ्यात गोदामाच्या वरच्या मजल्यांवर व्हिस्की लाकडात जोराने शिरते-निघते. जुनं म्हणजे मऊ हा हिशोब बर्बनला लागू नाही. वीस वर्षांची बाटली पहिल्या वर्षात घेऊच नका.

टक्केवारीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी. २०१३च्या फेब्रुवारीत माल मागणीला पुरेना म्हणून मेकर्स मार्कने आपलं बर्बन ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांनी एवढी ओरड केली की साधारण आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. त्यांची ओरड रास्त होती. अल्कोहोल चव वाहून आणतं. पाणी वाढलं की जळजळ थोडी कमी होते, पण चवीचं अंगही बारीक होतं, आणि मग उरलेली जळजळ उघडी पडते. ४५च्या आसपासचं नीट मुरलेलं बर्बन ४०च्या तरुण बर्बनपेक्षा सहज उतरतं, ते यामुळे.

वाइल्ड टर्की १०१ हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. १०१ हा प्रूफचा आकडा. अमेरिकन प्रूफ निम्मं केलं की टक्के मिळतात, म्हणजे हे ५०.५ टक्के. आकडा बघून लोक बिचकतात. पण पिंपात भरताना कायदा ६२.५ टक्क्यांपर्यंत परवानगी देतो, आणि हे लोक ५७.५लाच भरतात. पुढे बाटलीत भरताना पाणी कमी मिसळावं लागतं, म्हणून पिंपातून आलेली चव जास्त शिल्लक राहते. त्याचा घोट जाड, गोड लागतो.

तर माझ्या सहा बाटल्या अशा. पहिली मेकर्स मार्क, ४५ टक्के, गव्हाची. दुसरी बफेलो ट्रेस, तीही ४५, कमी रायची. तिसरी फोर रोझेस स्मॉल बॅच, पुन्हा ४५. या तिन्ही एकदम उघडा आणि तीन ग्लासांत १५-१५ मिली घेऊन शेजारी ठेवून प्या. टक्के सारखे असल्यामुळे फरक धान्याचा, वयाचा, यीस्टचा आणि पिंपाचा, एवढाच उरतो. आपल्याला राय आवडतं की गहू, हे अर्ध्या तासात कळतं, आणि पुढची सगळी खरेदी त्या उत्तरावर करायची. चौथी वाइल्ड टर्की १०१. पाचवी एलायजा क्रेग स्मॉल बॅच, ४७ टक्के, ओकची ओळख व्हावी म्हणून. सहावी एखादी बॉटल्ड-इन-बाँड. १८९७च्या कायद्याची ही पाटी आहे: एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात, आणि बरोबर ५० टक्के. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची या जातीत चोख आहे. ‘स्मॉल बॅच’ या शब्दाला मात्र कायद्यात व्याख्या नाही, त्यावर भाळू नका. ‘सिंगल बॅरल’ म्हणजे एकाच पिंपातलं, त्यामुळे एक बाटली आवडली तरी पुढची हुबेहूब तशी निघेल असं नाही.

वेलर आणि पॅपी व्हॅन विंकलच्या मागे धावू नका. दोन्ही बफेलो ट्रेसच्या डिस्टिलरीतच तयार होतात, दोन्ही गव्हाची आहेत आणि चांगली आहेत, पण त्यांच्या किमतीत बाटलीतल्या मालापेक्षा टंचाईचा वाटा मोठा असतो.

आता ग्लासातलं काम. ग्लास खाली फुगीर, वर निमुळता घ्या. कपाटात राहिलेल्या ग्लासाला लाकडाचा किंवा साबणाचा वास येतो, तो आधी साध्या पाण्याने विसळा. नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून ग्लास हनुवटीपाशी आणा आणि तिथून हळूहळू वर न्या. नाक खुपसलं की फक्त स्पिरिट झोंबतं आणि पुढची दहा मिनिटं दुसरं काही कळत नाही. पहिला घोट अगदी छोटा, जिभेला सवय व्हावी इतकाच. त्यावरून मत बनवू नका, खरी चव दुसऱ्या घोटात असते.

पाणी घालायला लाजायचं कारण नाही, पण मोजून घाला. हिशोब सोपा आहे: मिली गुणिले आत्ताचे टक्के, भागिले हवे ते टक्के. येईल ते एकूण माप, त्यातून आधीचे मिली वजा केले की पाणी. ३० मिली, ५० टक्क्यांचं, ४५वर आणायचं तर ३० × ५० ÷ ४५ म्हणजे ३३.३. घालायचं पाणी सव्वातीन मिली, चहाच्या चमच्याच्या दोनतृतीयांश. ६० टक्क्यांचं ४५वर आणायला १० मिली, म्हणजे दोन चमचे. लोक नळाखाली ग्लास धरतात आणि एका झटक्यात ३०वर येतात, मग ‘पाणचट आहे’ म्हणतात. थेंबाथेंबाने घाला, दर वेळी वास घ्या. एका क्षणी स्पिरिटचा झोंबरेपणा बसतो आणि व्हॅनिला वर येतो. तिथे थांबा. क्लोरीनचा वास येणारं पाणी अजिबात नको. बर्फ घालायचाच तर एकच मोठा तुकडा, साधारण पाच सेंटीमीटरचा. चुरा लवकर वितळतो, आणि थंडीने वास दबतो तो वेगळाच.

बाटल्या उभ्याच ठेवा. वाइन आडवी ठेवतात म्हणून व्हिस्कीही आडवी ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एवढ्या अल्कोहोलमध्ये बूच भिजत राहिलं की ते झडतं आणि त्याची चव मालात उतरते. ऊन टाळा, खिडकीतली बाटली फिकी पडते. शिशाच्या क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये व्हिस्की साठवू नका, शिसं हळूहळू तिच्यात उतरतं.

बूच काढताना ते ओढू नका. एका हाताने घट्ट धरा आणि बाटली फिरवा. तरी तुटलंच तर तुकडे आत ढकलून मोकळे व्हा, कॉफीचा कागदी फिल्टर साध्या पाण्याने भिजवून त्यातून गाळा आणि दुसरं बूच लावा. संपलेल्या बाटल्यांची चांगली बुचं धुऊन, सुकवून एका डब्यात ठेवलेली असली की अशा वेळी धावपळ होत नाही.

बाटली एकतृतीयांशावर आली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत संपणार नसेल, तर ती २०० मिलीच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. ७५०चा तिसरा भाग म्हणजे २५० मिली. २०० बाटलीत जातात, उरलेले ५० त्याच संध्याकाळी. छोट्या बाटलीवर नाव, टक्के आणि तारीख लिहायला विसरू नका. सहा महिन्यांनी रंगावरून एकही ओळखू येत नाही.