भिया, नॉर्मल है

कालच सर्व्हिस सेंटरला जाऊन आलोय, त्यामुळे डोकं आणि लॅपटॉप दोन्ही अजून गरम आहेत.

लॅपटॉप नवाकोरा. खोक्यावर ४.४ गीगाहर्ट्झ असा आकडा छापलाय आणि सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं गडी खरंच तिथवर जातो. मग आतलं तापमान ९५ अंशांपुढे सरकतं, प्रोसेसरला स्वतःच्या जिवाची काळजी वाटू लागते आणि तो वेग उतरवत उतरवत १ गीगाहर्ट्झच्या खाली येऊन बसतो. ऑफिसच्या कॉलवर माझा चेहरा नेमका जांभईत अडकतो. अंगाने इतका सडपातळ बनवलाय की आत हवेलाच जागा नाही. हवा घ्यायची जाळी खालच्या बाजूला, म्हणजे गादीवर ठेवला की श्वास कोंडतो. टेबलावर ठेवला तरी इंदूरचा मे महिना आहे. पंखा बाहेरची ४१ अंशांची हवा आत ओढून कुणाला काय गार करणार? ८ जीबी रॅम, तीही बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही.

वर आत भरलेला कचरा वेगळाच. हे शहर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येतंय. आमच्या गल्लीत ओला-सुका वेगळा केला नाही तर कचरागाडीवाला चारचौघांत पाणउतारा करतो. आणि त्याच शहरात मला विकलेल्या लॅपटॉपमध्ये महिनाभराचा फुकट अँटिव्हायरस, पत्त्यांचे खेळ, कंपनीचा मदतनीस, त्या मदतनिसाचा अपडेटर, असे सगळे न बोलावता बटण दाबताच उठून बसतात. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन एकेकाला झोपवलं. वेगात फरक पडला, उष्णतेत नाही.

म्हणून सेंटर. टोकन घेऊन बसलो तर शेजारी रामबागेतले एक काका, मांडीवर पंच्यात गुंडाळलेला प्रिंटर.

“काय होतंय?”

“तापतो.”

काकांनी विचारायच्या आत लॅपटॉपवर हात ठेवला. आधी उलटा, मग सुलटा. “आहे. कणकण आहे. कधी जास्त होतो?”

“व्हिडिओ कॉलवर.”

“मग बोलणं कमी करा. हा इथलाच का?”

“नाही हो, बाहेरून येतात हे.”

“मग बरोबर. माळव्याचं ऊन बाहेरच्याला सोसत नाही. आमचे जावई पुण्याहून आले की तिसऱ्या दिवशी असेच होतात.”

“तापतात?”

“नाही. स्लो.”

मग काकांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि शांतपणे माझ्या कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर ठेवली. नेमकी जिथे सर्वांत जास्त चटका बसतो तिथे.

“सकाळचे पोहे. गार झालेत. राहू द्या, तुमचं काय जातंय?”

“काका, नवा लॅपटॉप आहे!”

“अहो, पोहेवाल्याकडे बघितलं नाही का, खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर पोहे. तुमच्याकडे पातेलं आयतं आहे, तर वापरा की.”

पुडीच्या कोपऱ्यातून पोह्यांवरचा जिरावन मसाला ‘एंटर’वर सांडत होता. पण वडीलधाऱ्या माणसाचे पोहे बाजूला कसे सारायचे? घरून शिकवणच नाही. मी नुसतं फुंकत बसलो.

नंबर लागला. इंजिनिअर म्हणवणाऱ्या पोराने एसीच्या झोतात लॅपटॉप उघडला, दोन खिडक्या उघडून बंद केल्या. “भिया, इधर तो ठंडा चल रिया है.”

“इथे मीसुद्धा थंड आहे,” असं मी हिंदीत म्हणालो.

“घर पे एसी है?”

“नहीं.”

“तो लगवा लो. नॉर्मल है.”

म्हणजे साठ हजारांचं यंत्र चालावं म्हणून चाळीस हजारांचं दुसरं घ्या, आणि दोघांचं वीजबिल भरा. विकताना कुणी म्हणालं होतं का, की हे थंड हवेच्या ठिकाणी वापरण्याचं आहे? फॉर्मवर त्याने लिहिलंसुद्धा: समस्या आढळली नाही.

तेवढ्यात काका पुढे सरकले. “यांचा ठीक आहे ना? मग यांच्यावरूनच माझा एक कागद काढून दाखव.”

वायर जोडली. लॅपटॉपने ड्रायव्हर शोधायला घेतला, अँटिव्हायरसला त्याचा संशय आला, अपडेट जागा झाला, आणि पंखा असा घरघरला की टोकनवाले सगळे वळून बघू लागले. बाण जागच्या जागी थिजला. आकडा ९७.

“देखो! देखो!” मी जवळजवळ नाचलो.

पोराने हात लावला, झटकन मागे घेतला. लॅपटॉपकडे बघितलं. मग प्रिंटरकडे.

“भिया, ये प्रिंटर का लोड है.”

“माझा प्रिंटर?” काका उठलेच. “इतकी वर्षं झाली, कधी तापला नाही! तुमच्या तापटाच्या नादी लावून बिघडवाल तुम्ही त्याला!” हे त्यांनी पोराला नाही, मला सुनावलं.

फॉर्मवर एक ओळ वाढली: प्रिंटर जोडू नये. शिक्का बसला.

काकांनी पुडी उघडली. वाफ निघत होती. सगळे पोहे त्यांनी एकट्यानेच खाल्ले, माझ्याकडे पाठ करून.