न खाता वाढलेली साखर येते कुठून?

सध्या एक मेसेज हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं असं : रक्तातली साखर फक्त खाण्यातून येते, उपाशी राहूनही सकाळी ती वाढली, तर पेशंटने चोरून खाल्लं, उपासात चरबीची साखर होते, आणि उपास सुरू केला की मधुमेहाच्या गोळ्या नकोत.

‘फक्त खाण्यातून येते.’ साफ चूक. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५५ साली कुत्र्याचं यकृत बाहेर काढलं, रक्तवाहिनीतून पाणी सोडून त्यातली साखर पार धुऊन काढली आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर! यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं साठवलेलं रूप, फुटून ती तयार झाली होती. पण हा साठा साधारण १०० ग्रॅमचाच, आणि एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणून यकृत नवं ग्लुकोज घडवतं. त्यासाठी ते स्नायूंनी आणि तांबड्या पेशींनी सोडलेलं लॅक्टेट, प्रथिनांतून सुटलेली अमिनो आम्लं, चरबीतलं ग्लिसरॉल वापरतं. लॅक्टेट टाकाऊ समजलं जातं, पण यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करून परत पाठवतं. तांबड्या पेशींचं तर ग्लुकोजवाचून पानच हलत नाही.

‘चोरून खाल्लं.’ हे वाक्य मला फार लागतं. माझ्या आईची साखर रात्री झोपताना १३२ आणि सकाळी १५८ आली, तेव्हा आम्हीच तिची उलटतपासणी घेतली. ती नुसतं पाणी पिऊन झोपली होती. टाइप २ मधुमेहात यकृत इन्शुलिनला नीट जुमानत नाही. त्यात पहाटे कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं. मग गरज नसतानाही यकृत साखर रक्तात ओतत राहतं. यात पेशंटचा काय गुन्हा?

‘चरबीची साखर होते.’ होते ती ग्लिसरॉलची, म्हणजे चरबीच्या छोट्याशा भागाची. उरलेल्या मेदाम्लांपासून शरीराला ऊर्जा मिळते, ग्लुकोज जवळजवळ नाहीच.

‘गोळ्या नकोत.’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी मुख्यतः यकृताच्या याच जादा उत्पादनाला आवर घालते. ती मनाने सोडली की तो आवरच सुटतो. उलट इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली (शरीराला इन्शुलिन सोडायला लावणारी) गोळी नेहमीच्याच डोसने घेऊन उपाशी राहिलं, तर साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपू शकते. उपास करायचाच असेल, तर कुठलं औषध किती घ्यायचं हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्या.