खुलासा : घरातल्या टोमॅटोला मधमाशी नाही म्हणून फळ धरत नाही?

गच्ची-बाल्कनीतल्या बागकामाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : बंद घरात मधमाशा येत नाहीत, म्हणून कुंडीतल्या टोमॅटोला फळ धरत नाही, नर फुलातले पराग ब्रशने मादी फुलाला लावा.

टोमॅटोला नर-मादी अशी वेगळी फुलं नसतातच. ती दुधी-काकडीला असतात, घोळ तिथूनच झालेला दिसतो. टोमॅटोचं एकच फूल दोन्ही कामं करतं. पिवळ्या पाकळ्यांच्या मध्ये पुंकेसर जोडून झालेली नळी असते; पराग तिच्या आतल्या बाजूला सुटतो आणि आतल्याच स्त्रीकेसरावर पडतो. त्याला लागतो फक्त हलका हादरा. बाहेर तो वारा देतो, किंवा गुणगुणत फुलाला लटकणारा काळा भुंगा. मेसेजमधल्या मधमाशीला ही थरथर जमतच नाही!

घरात हे काम बोटाने होतं. फुलं पूर्ण उमलली की दुपारच्या आत घोसाच्या देठाला टिचकी मारा, एक-दोन दिवसांआड. चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ देठाला टेकवली तर उत्तमच. मेसेजमधला साधा ब्रश फिरवून नुकसान नाही, पण नळीच्या आतला पराग त्याने फारसा हाती लागत नाही.

एवढं करूनही फुलं गळत असतील तर ऊन आणि उष्मा बघा. खिडकीत निदान सहा तास थेट ऊन हवं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३५ अंशांपुढे गेला की परागच निकामी होतो, तिथे टिचकीचाही उपयोग नाही. म्हणून बिया ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरा, म्हणजे फुलं उन्हाळ्याआधी येतील.