रंगांच्या तक्त्यात न दिसणारे रक्त

शौचाच्या रंगांचा एक तक्ता मोबाइलवरून सतत फिरत असतो. त्यात रंगांचे चौकोन आणि त्यांपुढे निदाने असतात: तपकिरी म्हणजे पचन निरोगी, हिरवा म्हणजे यकृतात विष साठले, लाल म्हणजे मूळव्याध, काळा म्हणजे कर्करोग, पांढरट म्हणजे दूध जास्त झाले. रोज एवढे पाहणाऱ्याला अन्य तपासणीची गरज नाही, असेही खाली लिहिलेले असते. रंगाकडे लक्ष द्यावे हा त्यातला सल्ला योग्य आहे आणि त्याच्याच आधाराने बाकीचे सारे खपून जाते.

हिरव्याचा निकाल लवकर लागतो. जुन्या तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील हीमपासून, म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या घटकापासून, आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. ते पित्तावाटे आतड्यात उतरते आणि तेथील जिवाणूंच्या कामातून अखेर तपकिरी स्टर्कोबिलिन बनते. या साखळीला वेळ लागतो. जुलाबात सारे घाईने पुढे सरकले की पित्ताचा हिरवटपणा तसाच राहतो. पालेभाज्यांनी किंवा खाण्याच्या रंगांनीही शौच हिरवी होते, आणि यकृतात साठलेल्या विषाशी याचा काहीही संबंध नाही.

लाल रंगाबाबत तक्ता दोन्ही बाजूंनी चुकतो. बीट खाल्ल्यावरही शौच लालसर होते आणि काहींची लघवीसुद्धा, त्यामुळे आदल्या दिवशी काय खाल्ले ते आधी आठवावे. रक्तच असेल, तर शेवटी थेंब थेंब पडणारे ताजे लाल रक्त बहुतेकदा मूळव्याधीचे किंवा फिशरचे, म्हणजे गुदद्वाराच्या चिरेचे, असते, हे खरे आहे. परंतु मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील गाठीचे रक्तही लालच दिसते, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही असा काही नियम नाही. ‘जुनीच मूळव्याध आहे’ या समजुतीवर महिने काढणे मला या तक्त्याच्या मोठ्या दुष्परिणामांपैकी एक वाटते.

काळ्या रंगाने लोक सर्वाधिक घाबरतात. लोहाच्या गोळ्या, बिस्मथ असलेली पोटाची औषधे आणि औषधी कोळसा यांनी शौच काळी होते. गोळ्या बंद केल्या की काही दिवसांत रंग पूर्ववत होतो. जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून झालेल्या रक्तस्रावाची शौच मात्र निराळी असते: डांबरासारखी चकचकीत, भांड्याला चिकटणारी, पाणी टाकूनही सहज न निघणारी आणि एका विशिष्ट उग्र दुर्गंधीची. तिचे नेहमीचे कारण कर्करोग नसून व्रण (अल्सर) असते, आणि अनेकदा त्यामागे दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या असतात. अशी शौच दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोबत चक्कर किंवा धाप असेल तर तासाभराचाही उशीर करू नये.

पांढरट रंगाचा दुधाशी जोडलेला संबंध ही सर्वांत घातक चूक आहे. बेरियम देऊन काढलेल्या एक्स-रेनंतरचे एक-दोन दिवस सोडले, तर मातकट पांढरी शौच म्हणजे पित्त आतड्यात पोहोचत नसल्याची खूण मानावी लागते. पित्तनलिकेत खडा अडकलेला असू शकतो, स्वादुपिंडाच्या टोकाशी गाठ असू शकते, आणि सोबत लघवी गडद व डोळे पिवळे होऊ लागतात. तान्ह्या बाळात हे पित्तनलिका बंद असल्याचे लक्षण असू शकते. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते, म्हणूनच तैवानने २००४ पासून देशभरातील पालकांना बाळाच्या शौचाच्या रंगांचे कार्ड द्यायला सुरुवात केली. तक्ता येथे खरोखर उपयोगी पडतो, कारण त्यात एकाच वयाविषयी एकच प्रश्न असतो आणि पुढे काय करायचे ते ठरलेले असते.

आता तपकिरी, म्हणजे ‘निरोगी’. मलातील रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी अनेक ठिकाणी एक ग्रॅम मलात २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही मर्यादा धरते. दीडशे ग्रॅम मलात हे ३ मिलिग्रॅम होते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे १४० मिलिग्रॅम हिमोग्लोबिन असते, म्हणजे हिशेब जेमतेम अर्ध्या थेंबावर येतो. एवढ्याने रंग बदलत नाही. मोठ्या आतड्यातील पॉलिपचा, म्हणजे अस्तरावरच्या लहान मांसल वाढीचा, कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात आणि त्या काळात शौच बहुतेक वेळा तपकिरीच दिसते. अमेरिकेतील मिनेसोटाच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या पद्धतीची सुप्त रक्ताची चाचणी दरवर्षी करणाऱ्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले होते. काहीही त्रास नसलेल्यांनी ४५ ते ५० वयापासून तपासणी सुरू करावी असे अनेक देश सांगतात ते याचसाठी. घरात कोणाला हा कर्करोग झाला असेल तर त्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

‘फिट’ही अचूक नाही. एका वेळच्या चाचणीत पाचांपैकी साधारण एक कर्करोग निसटतो, म्हणून ती वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करतात. ती सकारात्मक आली तर पुढची पायरी कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याची, असते. ‘पुन्हा करून पाहिली, नकारात्मक आली’ असे म्हणून कोलोनोस्कोपी टाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की गाठ रोज रक्त सोडत नाही, आणि दुसरा नमुना नेमका कोरड्या दिवशीचा असू शकतो.