सोयऱ्याची गाडी

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला की फक्त हात कळतो, इंजिन कळत नाही. हे मला गुरुजींच्या अंगणात समजलं. दारव्ह्याच्या मिस्तरीनं बजावलं होतं, "जुनी गाडी थंडी असतानाच चालू करून पाहा. मालकानं आधीच तापवून ठेवली असंन, त समजा सकायी नखरे करते." मी सकाळी अकराला पोचलो. बॉनेट चटका देत होतं. ऊन की इंजिन?

"तुम्ही येणार म्हणून चालूच करून ठेवली होती," गुरुजी प्रेमानं म्हणाले. पाहुण्यासाठी चहा टाकून ठेवावा तसं.

मी मात्र तयारीनं गेलो होतो. आठ दिवस मोबाईलवर वाचून वहीत सगळं टिपलं होतं. गाडी २०१४ ची, म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०२९ ला संपणार. गुरुजी सांगत होते दोन साठ. विम्याच्या कागदावर गाडीची किंमत एक पंच्याहत्तर. माझ्या हिशेबानं भाव एक नव्वद, फार झालं तर दोन. (कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात तिचा काय दोष?)

चूक एकच केली. मामांना सोबत नेलं.

मामांनी आयुष्यभर बैल घेतले, विकले. "तू फक्त चूप राह्य," ते येताना वाटेत म्हणाले होते, "हे बी जनावरच हाय, फक्त शिंगं नाई." मला तेव्हा बरं वाटलं. बाजारात मामांसमोर भलेभले व्यापारी घाम पुसतात.

टायर नवे दिसत होते. "मागच्याच साली टाकले," गुरुजी म्हणाले. मी उकिडवा बसलो, बाजूवरची माती अंगठ्यानं पुसली आणि चार आकडे वाचले: ०९१९. म्हणजे २०१९ सालचा नववा आठवडा. सापडलं! मी विजयी मुद्रेनं मामांकडे पाहिलं. मामा ओसरीवर गुरुजींच्या शेजारी बसून विचारत होते, "तुमची सासुरवाडी कोन्या गावची म्हनलं?"

दहा मिनिटांत निकाल लागला. मामांच्या साळ्याची पोरगी गुरुजींच्या चुलतभावाच्या घरी दिलेली निघाली.

"मंग त सोयरेच निंगालो ना आपन!"

आता सोयऱ्याला टायरचं साल कसं विचारणार? मी वही मिटली. एसी गार हवा देत नव्हता. "गाडी पयाली की लागते थंडं," हे उत्तर आता गुरुजींनी नाही, मामांनी दिलं.

मग जेवण. आंब्याचा रस, सरगुंडे, तळलेल्या कुरडया. ज्यानं मे महिन्यात दुपारी रस-सरगुंडे खाऊन भाव पाडून दाखवला असेल, त्याला माझा दंडवत. तिसऱ्या वाटीला डोळे जड झाले होते, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "विम्यात पन्नास टक्के सूट लागली आहे बरं का, तीही तुम्हालाच मिळेल." ही सूट मालकाची असते, गाडीबरोबर येत नाही, हे वहीत लाल शाईनं लिहिलं होतं. मी तोंड उघडलं. त्यात गुरुजींच्या सौभाग्यवतींनी "घ्या ना, लाजता काऊन?" म्हणत पळी रिकामी केली.

जेवणं झाली. मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून गुरुजींच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली सरकवला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं धरून. गुरुजी मास्तर असले तरी मूळचे शेतकरी. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"हे लाख," मामा म्हणाले.

गुरुजींनी मान हलवली. दुपट्टा हलला.

"अन् हे दहा."

"नाही जमत."

"बरं, हे धरा."

गाडी माझी होणार, पैसा माझा जाणार, आणि भाव दुपट्ट्याखाली. मी दोघांच्या चेहऱ्यावरून आकडा वाचायचा प्रयत्न करत होतो. गुरुजी हसले की पोटात गोळा येई, मामा हसले की थोडा सुटे. शेवटी दोघंही एकदम हसले, तेव्हा काय समजावं ते कळेना.

"दे इसार," मामा दुपट्टा झटकत म्हणाले.

"किती ठरले?"

"दोन पंधरा. सोयऱ्याचा भाव."

मी एक गोष्ट मात्र मामांच्या तावडीतून सोडवून घेतली. आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलं होतं, पण नाव कुणी काढलं नव्हतं. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत बाकीचे पैसे देणार नाही, असं मी सांगितलं. गुरुजींना वाईट वाटलं नाही. मामांना वाटलं.

आठ दिवसांनी कागद आले, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पैसे बँकेतून गेले. गाडी निघाली तेव्हा गुरुजींच्या सौभाग्यवतींनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सांभाळा हो तिले." पोरीच्या पाठवणीला डिकी उघडून स्टेपनी कोण तपासतं?

दारव्ह्याच्या अलीकडे मागचं टायर बसलं. ०९१९ वालंच. ऊन मरणाचं. मी डिकीतली चटई उचलली. स्टेपनीच्या खड्ड्यात स्टेपनी नव्हती. तिथं बरोबर गोल बसवलेला एक मोठा डबा होता. वर चिठ्ठी: कुरडया, नीट ठेवा, फुटतात.

मी गुरुजींना लावायला फोन काढला. मामांनी माझा हात धरला.

"लावू नको. सोयरे हायेत, बरं नाई दिसत."

मग त्यांनी डबा उघडला आणि एक कच्ची कुरडई मोडून तोंडात टाकली.